आठ किलोंच्या आत

४ मार्च

प्रिय भिंगरी,

"वहिनी, तिसऱ्या घराच्या वर गेलं ना, की माणूस दुसराच होऊन खाली येतो." बावीस वर्षांपूर्वी तू हे म्हणालीस तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होतीस, पाय गरम पाण्याच्या बादलीत, नाकाचं साल निघालेलं. मी भांडी विसळत होते. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि एकटी मी फार तर मी काम करते त्या लोकरीच्या दुकानापर्यंत जात होते. ते वाक्य मी तेव्हा ओल्या हातांनीच आत कुठंतरी ठेवून दिलं.

आता बातमी. आधी खाली बस. मी नाव नोंदवलं आहे. तुझीच ती डोंगरवाट. आठवडाभर चालायचं, रात्री वाटेवरच्या लाकडी घरात मुक्काम, अशी पाच घरं, बरोबर गाईड. पाच एप्रिलला निघायचं. बारा जण आहेत आणि जिच्याबरोबर कुणीच नाही अशी मी एकटी.

तुझ्या दादाला सांगितलं तेव्हा तो दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "दोन वर्षं लिफ्टसाठी सोसायटीशी भांडतेयस, आणि आता डोंगर?" पण दुसऱ्या दिवसापासून जिन्यात घड्याळ घेऊन उभा राहतो. मी पाठीवर बटाट्यांची पिशवी घेऊन चार मजले चढते, उतरते, पुन्हा चढते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दार उघडून विचारतात, "आजही नेमका पत्ता सापडला नाही का गं?"

गाईडबाईंनी सामानाची यादी पाठवली आहे. त्यांचा नियम एकच: बॅग आठ किलोंच्या आत. निघायच्या सकाळी काट्यावर ठेवणार, आणि जास्त भरली तर सगळ्यांसमोर उपसायला लावणार. मी काल दुकानातल्या लोकरीच्या काट्यावर वजन केलं. तेरा किलो चारशे ग्रॅम! तो काटा सव्वीस वर्षांत माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही.

तेव्हा गाईडबाईंची यादी मी बाजूला ठेवली आहे. तू ती वाट चालून आलेली आहेस. काय नेऊ, काय नको, ते तूच सांग. आणि तुझे ते तपकिरी बूट अजून असतील तर पाठव. आपल्या दोघींचा पाय सारखाच आहे.

फोन करू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करते. पत्रात निदान माझं वाक्य पूर्ण होतं.

तुझी,
वहिनी

९ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि मोठ्यानं "काय!" असं ओरडले. गणिताच्या बाईंच्या हातातला चहा त्यांच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर सांडला. तुझ्यामुळे आता सातवी-ब ला सरसकट दोन गुण जास्त मिळणार आहेत.

तू? डोंगर? बाजारातून येताना कोपऱ्यावर पिशव्या खाली ठेवून दम खाणारी माझी वहिनी? चेष्टा करते आहे गं. आनंद झाला. खरंच झाला.

सामानाचं म्हणशील तर गाईडच्या याद्या नवख्यांसाठी असतात. छत्री काढ, डोंगरात वारा ती उलटी करून हातात देतो. मोठा टॉवेल काढ. स्लीपिंग बॅग तर मुळीच नको, ते जाडं जाकीटही नको. तिसऱ्या घरात रजयांची थप्पी असते छतापर्यंत, आणि मधोमध मोठी शेगडी. एवढं ऊबदार की रात्री खिडकी उघडावी लागते. एवढ्यानंच तुझे अडीच किलो कमी होतील. दुसऱ्या आणि तिसऱ्या घराच्या मध्ये एक लोखंडी शिडी आहे, तिच्याबद्दल कुणी घाबरवलं तर लक्ष देऊ नकोस. शिडी ती शिडी.

बूट पाठवते आहे. माळ्यावर होते. जरा कडक झाले असतील.

वहिनी, एक विचारू? हीच वाट का? समुद्रकाठानं जाणाऱ्या सहलीही असतात. सपाट.

तुझी,
भिंगरी

१५ मार्च

प्रिय भिंगरी,

सपाट! ऐकून तुझा दादा हसून हसून खुर्चीतून घसरला. "म्हणजे आमच्या भिंगरीलाही वाटतं तू वाटेतून परत येणार," म्हणाला. मी म्हटलं, तिला काळजी वाटते, वाटू दे. घरात एकीलाच डोंगर माहीत आहे, ती काळजी करणारच.

बूट मिळाले. कोपऱ्यावरच्या बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेले. त्यांनी उलटे केले, तळ अंगठ्यानं दाबले, चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "बाई, हे बूट जुने आहेत, पण चाललेले नाहीत. फार तर दोन दिवस. नक्षी बघा, कोरी आहे." मी म्हटलं, काका, हे बूट पाच घरं करून आलेत, माझ्या नणंदेचे आहेत. ते म्हणाले, "मग त्या उडत गेल्या असतील." मला इतकं हसू आलं! खरंच आहे ते. तू चालतेसच अशी, जमिनीला न टेकता. म्हणून तर तुझं नाव भिंगरी पडलं. तळ सुटायला आले होते, काकांनी नवे बसवून दिले आहेत.

आता बॅग. तुझ्या सांगण्याप्रमाणे छत्री, टॉवेल, स्लीपिंग बॅग, जाकीट, सगळं बाहेर, शिवाय माझी मीही बरंच काही काढलं. आज काट्यावर सात किलो नऊशे चाळीस! आत काय काय आहे ते सांगते: कपड्यांचे दोन जोड, पावसाचा कोट, मोज्यांच्या पाच जोड्या (मीच विणलेल्या, ओरडू नकोस), बॅटरी, पाण्याच्या दोन बाटल्या, खाऊ, औषधांची डबी, सुईदोरा, तुझ्या दादानं हौसेनं दिलेली त्याची दुर्बीण जी एकटीच नऊशे ग्रॅम आहे, विणकाम तीनशे चाळीस ग्रॅम, साबण, कंगवा, दुसऱ्या घराजवळून सुटणाऱ्या बसचं वेळापत्रक, वही, पेन. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी दिलेल्या शुभेच्छा वेगळ्या, त्यांचं वजन केलं नाही.

तिसऱ्या घरातल्या रजयांबद्दल दुकानात सगळ्यांना सांगते. आमच्या मालकीणबाई म्हणाल्या, "नणंद असावी तर अशी."

तुझी,
वहिनी

१९ मार्च

प्रिय वहिनी,

घाईत आहे, भूगोलाच्या तोंडी परीक्षा चालू आहेत. एका मुलीनं आज सांगितलं की पर्वत हे मुख्यतः परीक्षेत आढळतात.

एकच गोष्ट. साबण आणि वही यांच्या मध्ये बसचं वेळापत्रक काय करतं आहे? पाच घरं चालत जाणाऱ्या बाईला दुसऱ्या घराजवळच्या बसशी काय कर्तव्य? मी चोवीस वर्षं उत्तरपत्रिका तपासते आहे वहिनी. जे लपवायचं असतं ते पोरं नेहमी दोन साध्या उत्तरांच्या मध्ये लिहितात.

बूटवाल्या काकांना माझा नमस्कार सांग. फार बारकाईनं बघतात असं दिसतं.

तुझी,
भिंगरी

२४ मार्च

प्रिय भिंगरी,

पकडलंस. बरं झालं, कुणीतरी पकडायलाच हवं होतं.

दुसऱ्या घरापर्यंत मागच्या बाजूनं रस्ता येतो. तिथून पुढे खाली यायला रस्ता नाही, तो थेट पाचव्या घरापाशी. मी ठरवलं होतं की दुसऱ्या घरी पोचायचं, पाय मुरगळल्याचं सांगायचं, आणि सकाळच्या बसनं खाली यायचं. पाय कुठला ते पण ठरवलं होतं. डावा. घरी तोच बँडेजमध्ये ठेवून बसायचं, म्हणजे तुझ्या दादाला चेष्टा करताना जरा जड जाईल.

मला भीती वाटते गं. डोंगराची नाही. दुकानात सगळ्यांना सांगून झालंय, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी माझ्यासाठी शिट्टी आणून दिली आहे, हरवले तर वाजवायला. एवढ्या लोकांनी पाठीवर थोपटल्यावर मधूनच परत यायचं म्हणजे किती लाज. पण तिसऱ्या घराच्या वाटेवर, जिथून बसनं परत येता येत नाही तिथं, सगळ्यांसमोर रडू आलं तर? मी आजवर एकटीनं काही केलेलंच नाही. तुला हे कळणार नाही. तू परत फिरणाऱ्यातली नाहीस.

गाईडबाईंचा फोन आला होता. जाकीट, स्लीपिंग बॅग घेतली ना, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं नाही, तिसऱ्या घरी रजया असतात, माझी नणंद राहून आली आहे. त्या म्हणाल्या, "याद्या आम्ही उगाच करत नाही हो." पण मी तुझंच ऐकणार. त्या बाईंना मी ओळखतही नाही, आणि तुला चोवीस वर्षं ओळखते.

वेळापत्रक अजून बॅगेतच आहे. ते काढू का, एवढं सांग. तू काढ म्हणालीस तर काढते.

तुझी,
वहिनी

२७ मार्च (तातडीच्या टपालानं)

वहिनी,

जाकीट आत टाक. स्लीपिंग बॅग आत टाक. हे पत्र पुढे वाचायच्या आधी उठ आणि टाक.

टाकलंस? आता बस.

मी तिसरं घर पाहिलेलं नाही. तिथं रजया आहेत की नुसत्या फळ्या, मला माहीत नाही. शेगडी मी मनानं पेटवली. खिडकीही मनानंच उघडली.

मी दुसऱ्या घरापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी शिडीशी आलो. सगळ्यांत पुढे मीच होते, गाणी म्हणत. चौदा पायऱ्या चढले आणि हात सुटेना. वर जायला सुटेना, खाली यायलाही सुटेना. खालून सगळे हाका मारत होते आणि मला फक्त समोरच्या लोखंडावरचा गंज दिसत होता, त्याचा आकार अजून काढून दाखवीन. शेवटी गाईड वर आला, एकेक बोट सोडवलं, एकेक पाय खाली ठेवला. खेचरवाल्याबरोबर मला खाली पाठवून दिलं. पायथ्याच्या लॉजवर मी चार दिवस काढले. दुपारी गच्चीवर जाऊन तोंड उन्हात धरायची, नाक सोलून निघावं म्हणून. सगळे परत यायच्या दिवशी मीही घरी आले.

येताना ठरवलं होतं की खरं सांगायचं. दारात तू उभी होतीस. दादानं सगळ्या शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं. तू मला आत नेलंस, बादली भरलीस, माझे पाय पाण्यात सोडलेस आणि विचारलंस, "तिसरं घर कसं होतं गं?" असं विचारलंस वहिनी, जणू माझ्या डोळ्यांनी तूच जाऊन आली होतीस. मग मी ते वाक्य म्हणाले. तेही माझं नाही. लॉजच्या जेवणघरात एक रंगीत कागद चिकटवला होता, त्यावर छापलेलं होतं. चार दिवस जेवताना समोर तेच होतं, पाठ झालं.

पहिल्या वर्षी सांगायचं राहिलं. मग गोष्टीत चौथं घर आलं, पाचवं आलं. मग मी भूगोलाच्या तासाला सांगू लागले. मग वाटलं आता कुणाचं काय बिघडतंय. आता बिघडलं असतं. तू त्या थंडीत माझ्या थापेवर झोपली असतीस.

वेळापत्रक काढू का, हे मला विचारू नकोस. मला तो हक्क नाही.

भिंगरी

३१ मार्च

भिंगरी,

पत्र मिळालं, दोन्ही वस्तू आत टाकल्या. वजन दहा किलो चारशे. काय काढायचं ते माझं मी बघते.

वहिनी

२ एप्रिल
(दुसऱ्या मुक्कामाच्या घराच्या पत्त्यावर)

प्रिय वहिनी,

तुझं तीन ओळींचं पत्र मी तीस वेळा वाचलं. त्यात शिवी असती तरी बरं वाटलं असतं. रागावलीस, बरोबर आहे.

तू घरून निघशील तोवर हे पोचणार नाही, म्हणून दुसऱ्या घरी पाठवते आहे. तिथपर्यंत टपाल जातं. मी सहा तारखेपासून पायथ्याच्या त्याच लॉजवर असणार आहे. रजा काढली आहे, तपासायचे पेपर बरोबर नेते. दादाला सांगितलेलं नाही.

तू पुढे गेलीस तर मी तिथे बसून पेपर तपासीन. बसनं खाली आलीस तर स्टँडवर मी उभी असेन. डावा पाय मुरगळायची गरज नाही. मी उतरले तेव्हा खाली माझ्यासाठी कुणी नव्हतं, आणि चार दिवस मी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. तेवढं तुझ्या वाट्याला यायला नको. आलीस तर तुझं दुसरं घर माझ्या दुसऱ्या घरापेक्षा वाईट नसेल. दोघी मिळून खोटी गोष्ट रचू, नाहीतर खरी सांगू. तू म्हणशील तसं.

भिंगरी

८ एप्रिल, दुपार
तिसरं घर

प्रिय भिंगरी,

आधी मुद्द्याचं. रजया नाहीत. शेगडी आहे, पण ती जेवण होईपर्यंतच. फळ्यांवर झोपायचं आहे. खिडकीच्या एका काचेच्या जागी पत्रा आहे. मी आत्ता जाकीट, टोपी आणि मोज्यांच्या तीन जोड्या घालून लिहिते आहे, आणि ज्यांनी मोज्यांवरून माझी चेष्टा केली त्यातल्या दोघी उरलेल्या दोन जोड्या घालून माझ्या शेजारी बसल्या आहेत.

निघताना काट्यावर बॅग सात किलो नऊशे भरली. दुर्बीण घरी राहिली. तुझ्या दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण दारात म्हणाला, "परत आलीस तरी चालेल, नाही आलीस तर मात्र पंचाईत आहे." विणकाम काढलं, सुईदोरा काढला, अर्धा खाऊ आणि एक बाटली काढली, कपड्यांचा एक जोड काढला. शिट्टी ठेवली, आजी विचारतील.

तुझं पत्र काल संध्याकाळी दुसऱ्या घरी मिळालं. घर सांभाळणाऱ्या बाईंनी सगळ्यांसमोर नाव पुकारून दिलं, शाळेत बक्षीस देतात तसं. मी पायरीवर बसून वाचलं.

मला राग आला होता. पण तू समजतेस तो नाही. खोटं बोललीस त्याचं काही नाही, घरात सगळेच थोडंफार बोलतात. मला राग आला तो बावीस वर्षांचा. इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी स्वतःला भित्री समजत आले. कुठं जायचं म्हटलं की मनात म्हणायची, भिंगरी जाईल, आपलं ते काम नव्हे. आणि तू चौदाव्या पायरीवर माझ्यासारखीच गोठली होतीस! तेव्हाच सांगितलं असतंस तर आपण दोघी बादलीत पाय सोडून बसलो असतो. म्हणून तीनच ओळी लिहिल्या. चौथी लिहिली असती तर रडू आलं असतं, आणि तेव्हा मला बॅग भरायची होती.

सकाळी सातच्या बसचा भोंगा वाजला तेव्हा मी दात घासत होते. ऐकलं, आणि चूळ भरली. एवढंच केलं. बस गेली.

मग शिडी. एकतीस पायऱ्या आहेत. गाईडबाई म्हणाल्या वर बघू नका, खाली बघू नका. मग बघायचं कुठं? मी विणायला लागले. मनातल्या मनात गं. उजवा हात, डावा पाय, एक सुलट. डावा हात, उजवा पाय, एक उलट. दुकानात माणूस बोलत असतो, फोन वाजत असतो, तरी माझे टाके कधी चुकत नाहीत. तशीच चढले. चौदाव्या पायरीशी मात्र मुद्दाम थांबले. मागून एक गृहस्थ म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, इथे आमच्या घरातलं एक माणूस राहिलं होतं. भिंगरी, तिथून जरा डावीकडे मान वळवली की दुसऱ्या घराचं छप्पर दिसतं, आणि त्यावर वाळत टाकलेल्या चादरी. तुला फक्त गंज दिसला. थांबण्यासाठी वाईट जागा नाही ती.

वर पोचल्यावर मी रडले. सगळ्यांसमोर. काही झालं नाही. कुणीतरी बिस्कीट दिलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. खेचरवाले दुपारी शिडीच्या पायथ्यापर्यंत सामान आणतात आणि संध्याकाळी खाली जातात. इथून सामान घ्यायला खाली जाणारा माणूस हे पत्र त्यांच्याकडे देईल, ते रात्रीच्या जेवणापर्यंत तुझ्या लॉजवर पोचेल. उद्या आमचा आरामाचा दिवस आहे. गाईडबाईंना उद्या भाजीची टोपली घ्यायला शिडी उतरून खाली जायचंच आहे, त्या मला बरोबर नेणार आहेत. लॉजवरून दुसऱ्या घराकडे येणारी पहिली बस सहाला सुटते, आणि दुसऱ्या घरापासून शिडी दीड तासावर आहे, वाट रुंद आहे. तू चढ असं मी म्हणत नाही. शिडीला हातही लावू नकोस. नुसती खाली ये. पेपर आणलेस तरी चालेल, मी बेरजा करून देईन. तुझी उत्तरं मला आत्ताच ऐकू येतायत: पेपर पडलेत, चप्पलच आहे, गुडघा दुखतो, वहिनी तू वेडी आहेस का. येणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तरी विचारते. उद्या अकरा वाजता, शिडीच्या खाली, माझ्याशेजारी थोडा वेळ येऊन बसशील?

तुझी,
वहिनी